आरोग्याचा जाहीरनामा कसा वाचावा?

नोव्हेंबर २०२४ मधील विधानसभा निवडणुकीच्या वेळची गोष्ट आहे. प्रचाराची रिक्षा दवाखान्यावरून गेली, की बाकावर बसलेल्या पेशंटांमध्ये चर्चा सुरू व्हायची. कोणी म्हणे, "आता पाच लाखांचा दवाखाना फुकट." दुसरा म्हणे, "ते पंचवीस लाख देणार आहेत." शेवटी प्रश्न माझ्याकडे यायचा, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा, कोणाची योजना चांगली?"

कोणाला मत द्यावे हे सांगणे डॉक्टरचे काम नाही आणि या सदराचेही नाही. पण औषधाची चिठ्ठी कशी वाचावी हे जसे आम्ही सांगतो, तसे आरोग्याचे आश्वासन कसे वाचावे हे सांगायला हरकत नसावी. निवडणुका येतात आणि जातात, योजनांची नावे बदलतात, पण छातीत कळ यायची थांबत नाही. म्हणून आजचा लेख या विषयावर. प्रथम एका पेशंटची हकीकत सांगतो.

ऑपरेशन फुकट झाले, पण...

हे गृहस्थ पन्नाशीचे. टेम्पो चालवतात, घरी थोडी शेती. छातीत दुखू लागल्यावर त्यांना पुण्याला पाठवले. योजनेत अँजिओप्लास्टी झाली, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. बिल शून्य. घरी आल्यावर पेढे घेऊन आले. सोबत काही दिवसांच्या गोळ्या होत्या.

त्या गोळ्या संपल्या. मेडिकलच्या दुकानात महिन्याचा हिशेब ऐकून त्यांनी विचार केला की आता तर बरे वाटते आहे, पुढच्या महिन्यात बघू. चार महिन्यांनी रात्री अकरा वाजता घामाने भिजलेल्या अवस्थेत त्यांना माझ्याकडे आणले. हातातले उपचार केले आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून पुढे पाठवले. जीव वाचला, पण हृदयाचा बराचसा स्नायू कायमचा निकामी झाला. आज त्यांना दोन जिने चढवत नाहीत. टेम्पो विकला.

बरे होऊन आल्यावर मी त्यांना थोडे रागावूनच विचारले, गोळ्या बंद का केल्या? ते म्हणाले, "आपरेशन फुकाट झालं की हो साहेब. मला वाटलं आजार मिटला."

यात सगळी चूक त्यांची नाही. पहिल्या ऑपरेशननंतर ते पेढे घेऊन आले, त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. मी पेढा घेतला, बीपी पाहिले, "गोळ्या चालू ठेवा" म्हणालो आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन प्रकारच्या गोळ्या साधारण वर्षभर आणि त्यातील एक पुढेही घ्यावी लागते, त्या मध्येच सोडल्या तर स्टेंट बंद पडू शकतो, हे मी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला बसवून सांगायला हवे होते. ते मी केले नाही.

आयुष्मान भारत योजनेच्या नियमात डिस्चार्जनंतर १५ दिवसांच्या औषधांचा समावेश आहे. हे चांगलेच आहे. पण सोळाव्या दिवशी काय? कोणत्याही पक्षाची आरोग्य योजना वाचताना हा प्रश्न मनात ठेवा.

योजना मोजण्याच्या तीन बाजू

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अहवालात सर्वांसाठी आरोग्य ही कल्पना एका खोक्याच्या आकृतीने समजावली आहे. खोक्याला लांबी, रुंदी आणि उंची असते. तशाच योजनेच्या तीन बाजू असतात.

पहिली बाजू म्हणजे कोणाला? योजना फक्त पिवळ्या कार्डाला, की केशरी आणि पांढऱ्या कार्डालाही? आपल्या एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा येथून कामाला आलेल्यांना मिळणार का?

दुसरी बाजू म्हणजे कशासाठी? फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावर, की ताप, खोकला, बीपी, शुगर, तपासण्या आणि रोजच्या गोळ्या यांसाठीही?

तिसरी बाजू म्हणजे किती? खर्चातला कोणता भाग योजना देणार आणि कोणता आपल्या खिशातून जाणार?

खोक्याच्या एका बाजूने पंचवीस फूट आणि दुसऱ्या बाजूने दोन इंच असेल, तर त्यात धान्य किती मावेल? सभेत ऐकू येणारा लाखांचा आकडा ही फक्त तिसरी बाजू असते, तीही मुख्यतः दाखल झालेल्या पेशंटसाठी. या तिन्हींशिवाय आणखी दोन प्रश्न विचारावेत. पैसा कुठून येणार? आणि काम करणारी माणसे, म्हणजे डॉक्टर, नर्स, औषधनिर्माते, कुठून येणार?

एका पक्षाने हे कसे केले?

या बाबतीत जगात नेहमी दिले जाणारे उदाहरण इंग्लंडचे. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४२ साली, बेव्हरिज अहवाल आला. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष निवडून आला आणि आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. डॉक्टरांच्या संघटनेचा तिला कडवा विरोध होता. पण सेवा सुरू झाली आणि आजही चालू आहे, मध्ये कितीही सरकारे बदलली तरी.

तिचे मर्म काय? तिथे विम्याचे कार्ड दिले नाही, सेवा दिली. पैसा मुख्यतः करातून. प्रत्येकाचे नाव जवळच्या एका फॅमिली डॉक्टरकडे नोंदवलेले. आधी तो तपासणार, मग गरज असेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवणार. म्हणजे इमारतीचा पाया आधी आणि कळस नंतर. अडचणी तिथेही आहेत. १९५२ सालीच औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क लावावे लागले, आणि ऑपरेशनसाठी लांबलचक प्रतीक्षायादी ही तिथली कायमची तक्रार आहे. फुकट काहीच नसते. कोणीतरी, कुठेतरी, आधी पैसे भरलेले असतात.

आपल्याकडे असा विचार झाला नव्हता असे मात्र नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो त्याचे मूळ तिथे आहे. आजच्या मापाने सपाट प्रदेशात तीस हजार लोकवस्तीला एक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र हवे. गाव वाढते, कारखाने येतात, भाड्याच्या खोल्या भरतात, पण ही मोजदाद जनगणनेच्या जुन्या आकड्यांवर चालते. आपल्या परिसरात याचा अर्थ काय होतो, हे आपण सगळे रोज पाहतो.

आपल्या राज्याची वाटचाल

महाराष्ट्रात या कामी प्रत्येक पक्षाने आपापली वीट लावली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शिवसेना-भाजप युतीच्या काळात १९९७ साली जीवनदायी योजना आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांत मदत हा तिचा हेतू. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या काळात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपला पुणे जिल्हा नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व जिल्ह्यांत आली. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखाचे संरक्षण मिळाले. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले.

केंद्रात भाजप सरकारने २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू केली, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. २८ जून २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने फुले योजनेचे संरक्षणही पाच लाख केले आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना, म्हणजे पांढऱ्या कार्डालाही, लागू करण्याचा निर्णय घेतला. उपचारांची संख्या १३५६ ठरली. कागदावर का होईना, पहिली बाजू, म्हणजे "कोणाला", जवळजवळ पूर्ण झाली.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. हा निर्णय लाखांच्या आकड्याएवढा गाजला नाही, पण माझ्या मते गरिबाच्या दृष्टीने तो कमी मोलाचा नाही, कारण त्यात बाह्यरुग्णही आले.

२०२४ हे निवडणुकांचे वर्ष. लोकसभेला काँग्रेसने राजस्थानच्या धर्तीवर पंचवीस लाखांपर्यंत कॅशलेस विम्याचे वचन दिले. भाजपने सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मानमध्ये घेण्याचे वचन दिले आणि सत्तेवर आल्यावर २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ते अमलात आणले. यात उत्पन्नाची अट नाही. विधानसभेला महाविकास आघाडीने पंचवीस लाखांपर्यंत आरोग्य विमा आणि मोफत औषधे असे आश्वासन दिले.

आकडा मोठा, पण प्रश्न छोटा

आता आपली तीन बाजूंची पट्टी लावू. पाचाचे पंचवीस लाख झाले तर कोणाचा फायदा? यकृत बदलणे, काही कर्करोग, महिनोन्महिने अतिदक्षता विभाग, अशा थोड्या पण फार दुर्दैवी कुटुंबांचा. त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण माझ्या दवाखान्यात येणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांहून जास्त लोकांना कधी दाखल व्हावे लागत नाही. त्यांचा पैसा जातो तपासण्यांत, गोळ्यांत, एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या रोजगारात. तिथे हे कार्ड चालत नाही.

देशाच्या हिशेबातही हेच दिसते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली सुमारे ६४ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत सुमारे ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे. पण त्या ३९ टक्क्यांत मोठा भाग औषधांचा आणि दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा असतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे ठरवले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. पैसा कुठून येणार, हा चौथा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

पाचव्या प्रश्नाबाबत डॉक्टरांची बाजूही सांगतो. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथले खासगी डॉक्टर संपावर गेले. तातडीचे उपचार आधी करा म्हणता, पण पैसे कोण आणि कधी देणार, हा त्यांचा सवाल होता. दारात आलेल्या अत्यवस्थ माणसाला हात लावलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण योजनेचे दर परवडणारे नसले आणि पैसे रखडले, तर रुग्णालये योजनेतून अंग काढून घेतात किंवा पेशंटकडून वरचे पैसे मागतात. दोन्हीत पेशंटच भरडतो. जाहीरनाम्यात दराचा आणि वेळेवर पैसे देण्याचा उल्लेख आहे का, हे म्हणून पाहावे.

आयुष्मानचा विसरलेला अर्धा भाग

बहुतेकांना ठाऊक नसते की आयुष्मान भारतचे दोन भाग आहेत. एक कार्डाचा, तो सर्वांना माहीत आहे. दुसरा भाग म्हणजे देशातील दीड लाख उपकेंद्रे आणि आरोग्य केंद्रे सुधारून तिथे तीस वर्षांवरील सर्वांचे बीपी, शुगर तपासणे आणि औषधे देणे. या केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतो. मुळावर घाव घालणारा भाग हाच आहे.

तमिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ पासून याच्याही पुढे जाऊन बीपी आणि शुगरच्या पेशंटला घरपोच गोळ्या देण्याची योजना सुरू केली. हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे यांतील कितीतरी घटना वेळेवर घेतलेल्या रोजच्या गोळीने टळतात किंवा लांबतात. लाखांच्या ऑपरेशनला पैसे आहेत आणि गोळीला नाहीत, हा हिशेब धरण फुटल्यावर वाळूची पोती टाकण्यासारखा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार दारात आला, तर त्याला लाखांबद्दल विचारू नका. विचारा, "आमच्या उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या बाराही महिने मिळतील का? शुगर तपासायची पट्टी असेल का? डॉक्टरची जागा किती दिवस रिकामी राहील?" उत्तरावरून तुम्हाला कळेल, माणसाने अभ्यास केला आहे की नाही.

कामगार बंधूंसाठी

रांजणगाव एमआयडीसीतील कामगारांच्या पगारपत्रकावर ईएसआय नावाची एक छोटी कपात असते. १९४८ च्या कायद्याने आलेल्या या योजनेत जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. २०१७ पासून पगाराची मर्यादा एकवीस हजार ठेवण्यात आली. या योजनेत दाखल न होता घेतलेले उपचार आणि औषधेही येतात, आणि कुटुंबालाही संरक्षण असते. म्हणजे "सोळाव्या दिवसाचा" प्रश्न या योजनेने फार पूर्वी विचारात घेतला होता. पण मी विचारले की दहातले निम्मे कामगार म्हणतात, "कटतात पैसे, पण कशाचे ते माहीत नाही." ठेकेदाराकडे काम करत असाल तरी आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि पत्नी-मुलांची, आई-वडिलांची नावे नोंदली आहेत का ते पाहा.

आज काय करावे?

१) रेशनकार्ड आणि आधार यांतील नावे जुळतात का ते आजच पाहा. आजारपणात ही धावपळ होत नाही. आयुष्मान कार्ड काढून ठेवा. घरात सत्तरीवरचे कोणी असतील, तर त्यांचे कार्ड आधारवर वेगळे निघते.

२) परराज्यातील कामगाराकडे त्याच्या गावचे आयुष्मान कार्ड असेल, तर ते इथल्या योजनेतील रुग्णालयातही चालते.

३) दाखल होण्याआधी रुग्णालय योजनेत आहे का, आणि तो विशिष्ट उपचार तिथे योजनेतून होतो का, हे दोन्ही विचारा. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. मदतीसाठी फोन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. आयुष्मानसाठी १४५५५.

४) योजनेतील उपचारासाठी कोणी वरचे पैसे मागितले, तर पावती मागा आणि याच क्रमांकावर तक्रार करा.

५) डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारा, "यातली कोणती गोळी किती महिने घ्यायची? कोणती अजिबात चुकवायची नाही?" उत्तर कागदावर लिहून घ्या. ती औषधे आरोग्य केंद्रात मिळतात का ते पाहा. नसतील तर जन औषधी केंद्रात त्याच औषधाची जेनेरिक गोळी बरीच स्वस्त मिळते.

६) तिशी ओलांडली असेल, तर वर्षातून एकदा बीपी आणि शुगर तपासा. यासाठी कोणत्याही सरकारची वाट पाहण्याची गरज नाही.

७) आरोग्य केंद्रात औषध नसेल, तर ग्रामसभेत विचारा. केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते. तिचे सदस्य कोण, बैठक कधी झाली, एवढे दोन प्रश्न विचारले तरी काम हलते.

ज्यांची हकीकत सुरुवातीला सांगितली, ते गृहस्थ आता दर महिन्याला येतात. त्यांच्या पत्नीने कॅलेंडरवर रोजच्या गोळीपुढे खूण करायची सवय लावली आहे. परवा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे आधी कोणी सांगितलं असतं तर टेम्पो दारात राहिला असता." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून हा लेख लिहिला. आपल्या शेजारी, भावकीत कोणाचा स्टेंट बसला असेल, कोणाला बीपी असेल, तर आजच त्यांना एवढेच विचारा, "गोळ्या चालू आहेत ना?"